ग्लोव्हमध्ये कळत होतं

माझ्या भाच्याच्या डाव्या मनगटावर एक काळी पट्टी होती आणि पट्टीवरच्या प्लॅस्टिकच्या खिडकीत बारीक टायपात छापलेला कागद सारलेला होता. आकड्यांच्या ओळीच ओळी. वीस वर्षे परीक्षेच्या हॉलमध्ये सुपरव्हिजन केलेल्या माणसाच्या मनात जे यायचे तेच माझ्या मनात आले. त्याला बाजूला घेऊन मी हळूच विचारले, "कॉपी की काय रे ही?"

तो खो खो हसला. म्हणाला, "मामा, कॉपी नाही. हा आमच्या कोचचा मेंदू आहे. आम्ही तो हातावर बांधून फिरतो."

२०२४ च्या एप्रिलमधली ही गोष्ट. ताईचे गुडघ्याचे ऑपरेशन होते, म्हणून मी अर्धपगारी रजा टाकून महिनाभर टेक्सासला गेलो होतो. ताई आणि भावोजी तिकडे गेले त्याला पंचवीसेक वर्षे झाली. भाचा तिथलाच. मराठी चांगले बोलतो, ताईच्या हातची थालीपिठे चार-चार खातो, पण क्रिकेट म्हटले की तोंड वाकडे करतो. त्याचा खेळ बेसबॉल. घरापासून तीन तासांवर एका लहान गावातल्या लहान कॉलेजात तो शिकतो आणि तिथल्या संघाचा तो कॅचर. ताई काठी घेऊन घरात चालू-फिरू लागली, तशी तिला शेजारणीच्या स्वाधीन करून भावोजी आणि मी शनिवार-रविवार त्याचे सामने पाहायला जाऊ लागलो. कॉलेजचे आणि कोचचे नाव मी लिहीत नाही. लिहून कुणाचे भले व्हायचे नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी चार ओळी. आपल्या क्रिकेटमध्ये दोन्ही स्टंपांत बावीस यार्ड, म्हणजे ६६ फूट अंतर असते. बेसबॉलमध्ये चेंडू टाकणारा, म्हणजे पिचर, साडेसाठ फुटांवर एका उंचवट्यावर उभा राहतो. टप्पा नाही. प्रत्येक चेंडू फुलटॉस, तोही ताशी १४० किलोमीटरच्या आसपास, आणि तो कधी बाहेर वळतो, कधी शेवटच्या क्षणी खाली बुडतो. तीन गडी बाद झाले की एका बाजूचा डाव संपला. असे दोन्ही बाजूंचे नऊ-नऊ डाव. पिचरच्या समोर, फलंदाजाच्या मागे उकिडवा बसलेला तो कॅचर. आपला यष्टिरक्षकच म्हणा, पण एक फरक आहे. मैदानावरचे बाकीचे आठही गडी आत, फलंदाजाकडे तोंड करून उभे असतात. सगळे मैदान समोर दिसते ते एकट्या कॅचरला. म्हणून पूर्वापार पद्धत अशी, की पुढचा चेंडू कोणता टाकायचा हे कॅचर बोटांच्या खुणांनी सुचवतो, पिचर मान हलवून हो किंवा नाही म्हणतो, आणि त्या दोघांच्या मूक संवादातून सामना पुढे सरकतो. मला तर हाच या खेळाचा सगळ्यांत सुंदर भाग वाटला.

पण भाच्याच्या संघात हा संवाद नव्हता. प्रत्येक चेंडूच्या आधी कोच बाकाजवळ उभा राहून तीन आकडे ओरडायचा. भाचा मनगटावरचा कागद पाहायचा. त्या आकड्यासमोर काय लिहिले आहे, चेंडू वळणारा की सरळ, आत की बाहेर, ते वाचायचा आणि खूण करायचा. पिचरने मान हलवून नाही म्हणायचे नाही असा दंडक होता. एका सामन्यात दीडशे चेंडू पडले तर दीडशे वेळा हेच. आणि हा काही एकट्या या कोचचा शोध नाही. अमेरिकेतल्या बहुतेक कॉलेजांत आता हीच रीत आहे. २०२२ पासून तर तिथल्या कॉलेज क्रीडा संघटनेने बाकावरून मैदानात निरोप पाठवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्राला परवानगी दिली. निरोप एकाच दिशेने जातो. कोचचे खेळाडूला ऐकू येते, खेळाडूला उलट काही सांगता येत नाही. भाच्याच्या कॉलेजात ते यंत्रही नव्हते, आपला कागद आणि कोचचा घसा.

पहिल्याच शनिवारी मला दुसरी गोष्ट खटकली. आमच्या संघाचा पहिला गडी पहिल्या बेसवर पोचला होता. कुणीही बाद नाही. फलंदाजीला आला तो संघातला सगळ्यांत दणकट पोरगा. त्याने आधीच्या डावात चेंडू कुंपणापर्यंत नेला होता. भावोजी सरसावून बसले. तेवढ्यात कोचने टोपीला, कानाला, पोटाला हात लावून काहीतरी खाणाखुणा केल्या आणि या भीमाने बॅट चक्क आडवी धरली, आणि चेंडू पुढ्यातच टपकवला. स्वतः बाद झाला. पहिल्या बेसवरचा गडी तेवढ्यात दुसऱ्यावर गेला. प्रेक्षकांतून टाळ्या पडल्या. भावोजींनी मात्र कपाळाला हात लावला.

याला बंट म्हणतात, आणि अशा प्रकाराला 'सॅक्रिफाइस', म्हणजे चक्क बलिदान. एक गडी द्यायचा आणि दुसऱ्याला एक घर पुढे न्यायचे. ऐकायला मोठे उदात्त वाटते. पण हिशेब काय सांगतो? जॉर्ज लिंडसे नावाचा एक कॅनेडियन माणूस होता. नोकरी संरक्षण खात्यात, गणिती संशोधनाची. त्याचे वडील निवृत्त कर्नल. त्यांनी रेडिओ-टीव्हीवर सामने ऐकून-पाहून शेकडो सामन्यांची टिपणे काढली आणि मुलाने त्यांवरून हिशेब मांडून १९६३ साली एक निबंध छापला. त्यातला एकच आकडा सांगतो. पहिल्या बेसवर गडी आणि कुणी बाद नाही, अशी स्थिती शंभर वेळा आली तर तिथून पुढे त्या डावात सरासरी ८१ धावा होतात. दुसऱ्या बेसवर गडी आणि एक बाद, म्हणजे बलिदान यशस्वी झाल्यावरची स्थिती शंभर वेळा आली तर ६७. म्हणजे सगळे मनासारखे घडले तरी १४ धावांचा तोटा! कॉलेजात बॅटी धातूच्या असतात, तिथे धावाही जास्त होतात, म्हणजे फुकट दिलेला गडी आणखी महाग. शेवटच्या डावात बरोबरी असेल, फलंदाज अगदीच लिंबूटिंबू असेल, तर गोष्ट वेगळी. पण तिसऱ्या डावात? सगळ्यांत चांगल्या फलंदाजाकडून?

त्या दिवशी कोचने असे चार बंट करवले. एक उंच उडून झेल गेला. आम्ही एका धावेने हरलो.

सामना संपल्यावर पालकांनी तिथेच शेगड्या मांडून बर्गर भाजले. तिथे कोचची ओळख झाली. माणूस वाईट नव्हता हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर वाचकांच्या डोळ्यांपुढे खलनायक उभा राहील. पन्नाशीचा, उन्हाने रापलेला, मला आदराने 'प्रोफेसर' म्हणणारा. पहाटे पाचला मैदानावर येऊन स्वतः माती ओढणारा. पोरांचे मार्क कमी पडले तर रात्री ग्रंथालयात बसवणारा. मी भीत भीत बंटचा विषय काढला. लिंडसेचा निबंध मी आदल्या रात्रीच भाच्याच्या संगणकावर वाचला होता, त्यामुळे माझ्या अंगात नव्या शिष्याचा जोर होता. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, "प्रोफेसर, हा खेळ असाच खेळतात. मला माझ्या कोचने असाच शिकवला." आणि माझ्या बशीत आणखी एक बर्गर ठेवला.

या वाक्यावर मी काय बोलणार? आमच्या स्टाफरूममध्ये हेच वाक्य मी हजारदा ऐकले आहे. फक्त बर्गर नव्हता, चहा होता.

बंट आणि आकडे इथवरच असते तर हा लेख मी लिहिलाही नसता. सामना हरला, हरला. पण त्याच शनिवार-रविवारांत तिसरी गोष्ट घडली.

भाच्याचा रूम पार्टनर त्याच संघाचा मुख्य पिचर होता. एका इलेक्ट्रिशियनचा मुलगा, लाजाळू, शेवटच्या वर्षाला. ताईने दिलेले बेसनाचे लाडू भाच्याच्या आधी तो संपवायचा. भावोजींची एक सवय आहे. ताईने जपासाठी मागवलेले बोटात घालायचे मोजणीयंत्र ते सामन्याला घेऊन येतात आणि पिचरने टाकलेला प्रत्येक चेंडू त्यावर मोजतात. एका शुक्रवारी हा मुलगा आठव्या डावापर्यंत टाकत राहिला, तेव्हा भावोजींच्या यंत्रावर १३१ आकडा होता. त्यांनी तो मला दाखवला आणि काही बोलले नाहीत.

चेंडू हाताने फेकणे ही शरीराच्या दृष्टीने मोठी आडदांड क्रिया आहे. खांदा मागे वळतो, कोपर पुढे येते आणि त्या क्षणी कोपराच्या आतल्या बाजूला हाडे बांधून ठेवणारा जो छोटा अस्थिबंध असतो त्याच्यावर सगळा ताण येतो. तो एका दिवसात क्वचितच तुटतो. दोरीचे एकेक सूत उसवावे तसा झिजत जातो. १९७४ पर्यंत हा अस्थिबंध तुटला म्हणजे पिचरची कारकीर्द संपली असे समजत. त्या वर्षी लॉस एंजेलिसच्या डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या हातातलाच एक स्नायुबंध काढून कोपरात बसवला. तो १९७६ मध्ये परत खेळू लागला आणि १९८९ पर्यंत, वयाच्या ४६ व्या वर्षापर्यंत खेळला. तेव्हापासून त्या शस्त्रक्रियेलाच टॉमी जॉन म्हणतात. डॉक्टरचे नाव न लागता रोग्याचे नाव लागलेली शस्त्रक्रिया मी तरी दुसरी ऐकलेली नाही. पण ती करून मैदानावर परतायला वर्ष-दीड वर्ष जाते आणि सगळेच परतत नाहीत.

म्हणून २०१४ साली अमेरिकेच्या व्यावसायिक लीगने आणि राष्ट्रीय संघटनेने मिळून वयानुसार एक तक्ता काढला. १९ ते २२ वर्षांच्या मुलाने एका दिवसात १२० च्या वर चेंडू टाकू नयेत आणि शंभराच्या पुढे गेला तर निदान चार दिवस त्याला उंचवट्यावर चढवू नये. पण हा सल्ला आहे. कॉलेजच्या कोचने तो पाळलाच पाहिजे असे नाही.

सल्ला किती पाळला जातो याचे एक उदाहरण तिकडे सगळ्यांच्या तोंडी आहे, ते मला भावोजींनी परतीच्या वाटेवर सांगितले. ३० मे २००९. ऑस्टिन शहरात टेक्सास विद्यापीठ विरुद्ध बोस्टन कॉलेज. नऊ डावांनंतर बरोबरी झाली म्हणून सामना पुढे चालला आणि चालतच राहिला. पंचवीस डाव, सात तास तीन मिनिटे. कॉलेज बेसबॉलच्या इतिहासातला सगळ्यांत लांब सामना. टेक्सासचा डावखुरा ऑस्टिन वूड हा खरे तर शेवटचे एखाददोन डाव टाकणारा पिचर. आदल्या दिवशीही त्याने टाकले होते. त्या रात्री तो सातव्या डावात आला आणि तेरा डाव टाकून गेला. १६९ चेंडू. त्यांतल्या बाराहून अधिक डावांत समोरच्याला एकही धड फटका मारू दिला नाही. बोस्टनच्या माईक बेल्फिओरेनेही १२९ टाकले. टेक्सास ३-२ ने जिंकले. प्रेक्षकांनी उभे राहून दोघांना मानवंदना दिली.

टेक्सासचे कोच होते ऑगी गारिडो. साधासुधा माणूस नव्हे. दोन विद्यापीठांना मिळून पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून देणारा, २०१६ मध्ये थांबला तेव्हा १,९७५ विजय नावावर असणारा. बंटवर त्याचेही अतोनात प्रेम होते. त्या रात्रीनंतर त्याच्यावर खूप टीका झाली. वूड स्वतः मात्र कधी तक्रार करताना दिसला नाही, मला टाकायचेच होते असे तो म्हणाला. पुढे व्यावसायिक संघाने त्याला घेतले, नंतर त्याच्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली आणि सर्वोच्च लीगपर्यंत तो पोचला नाही. त्या एका रात्रीमुळेच असे घडले, असे छातीठोकपणे कुणालाच सांगता येणार नाही. पण 'मला टाकायचेच होते' हे बावीस वर्षांचा मुलगा म्हणणारच. म्हणून तर बाकाशेजारी एक मोठा माणूस उभा करतात ना?

आमच्या संघाच्या त्या पोराचे काय झाले ते सांगतो. शुक्रवारी १३१ टाकलेल्या मुलाला रविवारी सातव्या डावात पुन्हा बोलावले. संघ दोन धावांनी पुढे होता आणि कोचला मालिका हवी होती. भावोजींनी यंत्र शून्यावर आणले. सव्विसाव्या चेंडूनंतर काहीच घडले नाही. म्हणजे तो ओरडला नाही, खाली बसला नाही. त्याने फक्त उजवा हात पालथा केला, उलटा केला आणि दुसऱ्या कुणाची तरी वस्तू हातात यावी तसा तो त्याच्याकडे पाहत राहिला. मग स्वतःच चालत बाकाकडे गेला.

तपासणीत अस्थिबंध तुटल्याचे निघाले.

त्या रात्री भाचा आमच्याबरोबर घरी आला. जेवला नाही. ताई झोपल्यावर आम्ही दोघे मागच्या अंगणात बसलो होतो. बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "मामा, मला ग्लोव्हमध्ये कळत होतं."

"काय कळत होतं?"

"शुक्रवारीच. त्याचा चेंडू आला की फट् असा आवाज येतो. शंभरनंतर तो आवाज बदलला. थप्प. चेंडू उशिरा येत होता, खाली पडत होता. त्याचं कोपर उतरत होतं. प्रत्येक चेंडूनंतर तो बोटं झटकत होता. हे सगळ्या ग्राउंडवर फक्त मला दिसत होतं. आणि मी काय केलं? कोचने आकडा ओरडला, मी तो पुढे दिला."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कुणाला सांगणार? आमच्याकडे सांगायची पद्धतच नाही. ऐकायची आहे."

मी त्याला सांगायला हवे होते की यात तुझी चूक नाही. सांगितलेही. पण ते खरे होते का, हे मला आजही ठरवता येत नाही.

न बोलण्याला पैशाचेही कारण असते. आपल्याकडे समजूत अशी, की अमेरिकेत खेळाडू म्हटले की शिक्षण फुकट. बेसबॉलमध्ये तसे नाही. पहिल्या श्रेणीच्या कॉलेजांत वर्षानुवर्षे अख्ख्या संघाला मिळून ११.७ शिष्यवृत्त्या हा नियम होता आणि त्या सत्तावीस मुलांपर्यंत वाटून द्यायच्या. कुणाला पाव, कुणाला निम्मी. न्यायालयातल्या तडजोडीनंतर २०२५-२६ पासून, ती स्वीकारणाऱ्या कॉलेजांत ही मर्यादा गेली आणि संघात जास्तीत जास्त ३४ मुले हा नियम आला. भाच्याचे कॉलेज दुसऱ्या श्रेणीतले, तिथे तर तुकडे आणखी लहान. तो तुकडा पुढच्या वर्षी राहणार की जाणार, हे बरेचसे कोचच्या मर्जीवर असते. इलेक्ट्रिशियनच्या मुलाने कोपर दुखते म्हणून सांगावे आणि त्याच्या जागी दुसरा उभा राहावा, ही जोखीम तो कशी घेणार? गंमत म्हणजे कोचचीही नोकरी वर्षावर्षाच्या करारावर असते आणि त्याचे मोजमाप जिंकलेल्या सामन्यांवर. त्याच्या डोक्यावरही कुणीतरी आकडे ओरडत असणारच.

विमानात बसल्यावर मला आपल्याकडचे वस्ताद आठवत राहिले. तालमीतल्या वस्तादाची शिस्त काही कमी कडक नसते. पहाटे चारला जोर-बैठका, चुकले की पाठीत धपाटा. पण जुने वस्ताद पोराच्या अंगाला हात लावून ओळखायचे की आज याला आखाड्यात उतरवायचे की दूध पाजून झोपवायचे. आणि एकदा कुस्ती लागली की वस्ताद हौद्याबाहेर. तिथून ओरडला तरी कुणाची मान कशी वळणार? समोरचा काय करतो ते अंगाला अंग लागल्यावर ज्याचे त्यालाच कळते.

आणखी एक गोष्ट आपल्या सगळ्यांच्या माहितीतली. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस ढालीच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची नाबाद भागीदारी केली. आचरेकर सर त्या वेळी मैदानावर नव्हते. साहाय्यक प्रशिक्षक डाव घोषित करा म्हणून बाहेरून खुणा करीत होते आणि ही दोन कार्टी तिकडे बघतच नव्हती, असे सांगतात. शेवटी आचरेकर सरांचा फोनवर हुकूम झाला तेव्हा डाव घोषित झाला. कांबळी ३४९ वर होता, एक धाव काढू द्या म्हणाला, तीही मिळाली नाही. मला या गोष्टीत गुरूचा हुकूम आणि शिष्याची खोडी, दोन्ही एकाच दिवशी एकाच मैदानावर नांदताना दिसतात. भाच्याच्या मनगटावर पट्टी होती, त्यामुळे न बघण्याची सोयच उरली नव्हती.

बेळगावला परतलो तो परीक्षा तोंडावर. बी.ए.च्या वर्गाची उजळणी घ्यायची होती. मी एक कविता काढली आणि खडू खाली ठेवून विचारले, "कवीला इथे राग आला आहे की रडू, तुम्हाला काय वाटते?" बेचाळीस मुले. बेचाळीस पेने उघडी. कुणी वर पाहीना. शेवटी पहिल्या बाकावरची एक हुशार मुलगी अदबीने म्हणाली, "सर, तुम्ही सांगा, आम्ही लिहून घेतो."

एरवी मी खुशीत सांगितले असते. माझ्या नोट्स आमच्या कॉलेजात नावाजलेल्या आहेत. खानापूरपासून पोरे झेरॉक्स न्यायला येतात. मुद्दा एक, मुद्दा दोन, मुद्दा तीन. तीन आकडे. त्या दिवशी माझ्याने सांगवेना आणि न सांगून काय करायचे तेही सुचेना. आम्ही सगळेच काही वेळ तसेच बसून राहिलो. बाहेर फिजिकल डायरेक्टरांची शिट्टी वाजत होती. मग एक मागचा पोरगा, जो कधी तोंड उघडत नाही, तो म्हणाला, "रडू असावं सर. राग असता तर एवढी लांब ओळ नसती लिहिली." मला ते उत्तर पटले नाही. पण माझ्या नोट्समध्ये ते नव्हते एवढे खरे. पुढच्या आठवड्यात मात्र पोर्शन उरला होता आणि मी पुन्हा मुद्दे सांगू लागलो. लपवून काय करू?

भाच्याच्या रूम पार्टनरचे ऑपरेशन त्या जूनमध्ये झाले. खेळ सुटला. डिग्री घेऊन तो वडिलांबरोबर कामाला जातो. उजवा हात डोक्यावर नेऊन पंख्याचे स्क्रू आवळताना अजून दुखतो, असे भाचा सांगत होता. ताई त्याला अजून लाडू पाठवते.

आणि आता ताजी बातमी. ताजी म्हणजे २०२५ च्या मार्चमधली, पण आमच्या घरी अजून तिचीच चर्चा चालते. भाच्याचे ते शेवटचे वर्ष. संघात नवा पिचर आला होता, एकोणीस वर्षांचा. एका सामन्यात त्याने नव्वदीच्या पुढे चेंडू टाकले असताना भाच्याने खेळ थांबवला, उंचवट्यापर्यंत चालत जाऊन त्याच्याशी दोन शब्द बोलला, आणि परत आपल्या जागी न येता थेट बाकाकडे गेला. सगळ्यांसमोर कोचला म्हणाला, "याचं कोपर उतरतंय. याला काढा." कोचने त्याच्याकडे पाहिले. मग पिचरकडे पाहिले. आणि दोघांनाही बाहेर काढले.

दुसऱ्या दिवशी ताईचा फोन. आवाज चिंतेचा. "अरे, त्याला तीन सामने बाकावर बसवलाय. स्कॉलरशिपचं काय होणार कोण जाणे. तू एकदा बोल त्याच्याशी, तुझं ऐकतो तो."

मी विचारले, "जेवतोय का?"

"जेवतोय ना," ताई म्हणाली. "काल रात्री तर दोनदा जेवला."